बर्फासाठी उतार

टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं शलमोनमामांच्या. वय त्र्याऐंशी,
देवळाच्या किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला.
लांबी सत्तावन्न फूट, रुंदी सव्वीस.
भिंत काळ्या दगडाची, चुन्यातली, जाडी अडीच.
मापवहीत छपराचा उतार लिहिताना
मी परत वर बघतो.
इतकं उभं छप्पर या पंचक्रोशीत
दुसऱ्या कुणाच्याच डोक्यावर नाही.

"बर्फासाठी हाय त्यो," मामा म्हणतात.

नकाशा आला होता म्हणे पत्र्याच्या नळकांड्यातून,
आधी समुद्र, मग आंबा घाट, मग बैलगाडी.
मॅकरेसाहेबाच्या गावी असंच देऊळ होतं
मेंढरांच्या माळावर, धुक्यात,
पोरवयात त्यानं तिथं
छपरावरून बर्फ घसरताना ऐकला होता.
त्यानं वारणाकाठी बसून
आठवणीतलं घर मोजून घेतलं.
खिडक्यासुद्धा अरुंद ठेवल्या,
आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.
ऊब! ऐन वैशाखात!
पहिलं वर्षभर उपासना चिंचेखाली झाली.

जुन्या वहीत साहेबाचं नाव पानापानावर आहे,
त्याच्या घोड्याचंसुद्धा आहे.
दगड वाहणाऱ्यांची ओळ एकच:
*गडी चाळीस, बायका बावन्न, मजुरी जोंधळा.*
दुष्काळाचं साल.
"त्या बावन्नात माझी पणजी," मामा म्हणतात,
आणि उत्तरेच्या भिंतीवर तळवा टेकवून
थोडा वेळ तसेच उभे राहतात.
"कुठला दगड तिचा, ते कसं कळणार?
म्हणून मी समदीच भिंत पुसतो."

दाराच्या कमानीवर साहेबाला
त्याच्या मुलखाचं काटेरी फूल हवं होतं.
मलू पाथरवटानं चित्राचा कागद
दोन रात्री उशाला घेतला,
तिसऱ्या दिवशी म्हणाला, हे तर आमच्या बांधावर उगवतं,
आणि उटकटारी कोरली.
गोल गरगरीत, अंगभर काटे,
आणि खाली, चित्रात नसलेली,
मान वर केलेली एक शेळी.
साहेब चिडला का हसला, वहीत नाही.
एवढंच खरं की कमान उतरवली नाही,
आणि दीडशे पावसाळ्यांत
शेळीचा फक्त एक कान गेलाय.

आता पंच कमिटीचा ठराव असा:
कौलं काढावीत, वासे विकावेत,
वर सपाट स्लॅब घालावा.
वर टाकी बसेल, लग्नाची पंगत बसेल.
मी त्याचाच खर्च काढायला कोल्हापुरातून आलोय.
ठराव चुकीचा नाही. वाळवी खरी आहे,
आढ्याचं लाकूड पेन्सिलनं टोचलं
तर भुसा पडतो.

मामा चप्पल घालता घालता सांगतात,
"मी आठ वर्साचा. चैताचा महिना, दुपार.
आभाळ असं काळं झालं, आन् गारा.
छपरावर पडायच्या आन् घसरायच्या,
घसरायच्या आन् वळचणीला ढीग,
गुडघाभर पांढरं!
आमचे आवळे पाळक बाहेर आले, अनवाणी,
साहेब तर कवाच मातीत गेल्याला.
पाळक वर बघून म्हणाले,
आला रे. उशिरा का हुईना, आला.
आमी पोरांनी ओंजळी भरल्या.
पाव तासात समदं पाणी."

टेप गुंडाळताना तिच्यातून
चुन्याची बारीक रेव हातावर येते.
उताराच्या रकान्यात मी आकडा लिहितो.
शेऱ्याचा रकाना उरतो.
मामा कुलूप लावतात, ओढून बघतात,
पुन्हा एकदा ओढून बघतात.

"काय ल्हिलं?"
"अजून काही नाही, मामा."
"बरं," ते म्हणतात. "चहा घ्या आधी."